बुलढाण्याच्या वाटा आणि परदेशी स्टेशन वॅगन

बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. परंतु तेथवर आगगाडी जात नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा निघून जातो, आणि घाटमाथ्यावरील या शहराच्या प्रवाशास मलकापुरास उतरून, आपली वळकटी व ट्रंक घेऊन, दुसऱ्या वाहनाने राजूरचा घाट चढावा लागतो. हे दुसरे वाहन कधी बैलगाडी होती, मग एस.टी.ची मोटार झाली, मग ‘काळी-पिवळी’ या नावाने ओळखली जाणारी भाड्याची जीप झाली. अमेरिकेत अशाच कामासाठी, म्हणजे स्टेशनावर उतरलेली माणसे व त्यांचे सामान एकाच वेळी घरी नेण्यासाठी, जी लांब पाठीची गाडी निघाली तिला लोक ‘स्टेशन वॅगन’ म्हणू लागले. शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर बुलढाण्याइतका स्टेशन वॅगनचा हक्काचा गाव दुसरा शोधून सापडणार नाही. तरीही या जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या देशात, ती गाडी रुजली नाही. असे का व्हावे, आणि एका मुलखात नावाजलेली वस्तू दुसऱ्या मुलखात कोणत्या अटींवर रुजते, हा या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम गाडीची ओळख करून घेणे इष्ट होय. स्टेशन वॅगन म्हणजे साध्या बंद मोटारीचे टप मागच्या टोकापर्यंत लांबवून, बसण्याची जागा व सामानाची जागा एकाच छताखाली आणलेली मोटार. हिचाच एक निराळा वंश गेल्या साडेचार दशकांत निर्माण झाला. अमेरिकन मोटर्स या कंपनीने १९७९ साली ‘ईगल’ नावाची गाडी काढली. तीत साध्या मोटारीचा सांगाडा थोडा उंच करून चारही चाकांना इंजिनाची ओढ दिली होती. पुढे जपानच्या सुबारू कंपनीने १९९४-९५ च्या सुमारास ‘आउटबॅक’, स्वीडनच्या व्होल्व्होने १९९७ साली ‘क्रॉस कंट्री’ आणि जर्मनीच्या आउडीने १९९९ च्या सुमारास ‘ऑलरोड’ अशा गाड्या आणल्या. मऊ चामड्याची आसने, निःशब्द इंजिन आणि सर्व सुखसोयी मोठ्या मोटारीच्या. परंतु पोट जमिनीपासून उचललेले, कडांना खडीचा मार सोसणाऱ्या काळ्या पट्ट्या, आणि चारही चाके ओढणारी, असे त्यांचे रूप होते. बर्फाच्या वाटेवर चालेल आणि नाटकगृहाच्या दारातही शोभेल असे वाहन देण्याचा हा प्रयत्न होता.

ही जात भारतात आली ती २०१७ साली. व्होल्व्होने जुलै महिन्यात ‘व्ही ९० क्रॉस कंट्री’ ६० लाख रुपये किमतीस विक्रीस ठेवली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात मर्सिडीझने ‘ई-क्लास ऑल-टेरेन’ ७५ लाखांस आणली. दोन्ही गाड्यांची वर्तमानपत्री परीक्षकांनी स्तुती केली; परंतु दोन्ही फार वर्षे टिकल्या नाहीत व विक्रीच्या यादीतून निघून गेल्या. स्तुती मिळाली, गिऱ्हाईक मिळाले नाही. येथे विचारण्यासारखा पहिला प्रश्न असा, की ती गाडी या भूमीस अयोग्य होती काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यास बुलढाणा जिल्हा फार सोयीचा आहे; कारण त्याच्या १३ तालुक्यांत वाटांचे सर्व नमुने एकत्र सापडतात. वऱ्हाडात घाटाखालच्या सपाट मुलखास पयनघाट व वरच्या पठारास बालाघाट म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि या जिल्ह्यास दोन्ही लाभले आहेत. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा कापसाच्या काळ्या जमिनीचा मुलूख. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर येथे सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडी वाटा. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा यांचे पठार. आणि या दोहोंस जोडणारे राजूर व बोथा यांचे वळणावळणांचे घाट. यात ११ डिसेंबर २०२२ पासून एक अगदी नवी सडक आली. नागपूर ते शिर्डी असा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा त्या दिवशी खुला झाला. तो मेहकर व सिंदखेडराजा या भागांतून जातो, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन नागपूर ते मुंबईचे उपनगर असा ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग पूर्ण झाला. त्यावर सपाटीला मोटारीस ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे.

म्हणजे मेहकरकडील एखादा सधन बागायतदार सकाळी शेताच्या पांदण रस्त्याने निघतो, तासाभरात समृद्धीवर चढतो आणि दुपारी मुंबईच्या वेशीजवळ पोहोचतो. एकाच दिवशी त्याला दोन गाड्या हव्यात: पांदणीवर पोट न टेकणारी, आणि महामार्गावर तोल न सोडणारी. या दोन गुणांचे मुळात वैर आहे. कापसाने शिगोशीग भरलेली बंडी वळणावर उलटते आणि रिकामी उलटत नाही, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. वजनाचा मध्य जितका वर, तितका तोल कच्चा. दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्यास त्या मध्याच्या उंचीने भागले म्हणजे गाडीच्या स्थैर्याचे ढोबळ माप निघते. उंच मोटारींत हे माप कमी भरते. आधुनिक मोटारींत घसरण ओळखून एकेका चाकास आपोआप ब्रेक लावणारी विद्युत्-यंत्रणा असते व ती हा दोष पुष्कळ सावरते. पण निसर्गाचा नियम रद्द करीत नाही.

उंचावलेल्या स्टेशन वॅगनची खुबी येथेच आहे. व्होल्व्होच्या त्या गाडीचे पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वर होते. त्याच कंपनीच्या ‘एक्ससी ९०’ या उंच मोटारीचे पोट याहून दोन-तीन बोटेच अधिक उंच आहे. परंतु टपाची उंची पाहू गेल्यास पहिलीची सुमारे १.५४ मीटर, दुसरीची सुमारे १.७७ मीटर. पोटाच्या उंचीत फरक बोटांचा, टपाच्या उंचीत जवळजवळ पाव मीटरचा. खड्ड्यावरून जाण्यास लागते ती पोटाची उंची; टपाची उंची खड्ड्याच्या कामी येत नाही, वाऱ्याच्या विरोधास मात्र वाढविते. वेगाच्या सडकेवर तोलाची किंमत काय, हे या जिल्ह्यास सांगावे लागत नाही. सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर एक प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ जण मृत्यू पावले. बस व मोटार यांची प्रकृती भिन्न असल्यामुळे त्या दुर्घटनेवरून मोटारींविषयी सिद्धांत काढणे उचित नव्हे. तथापि जिल्ह्यातील प्रवास आता बैलगाडीच्या किंवा जीपच्या वेगाचा राहिलेला नाही, आणि वाहन निवडण्याचे जुने माप या नव्या वेगास अपुरे आहे, एवढे तरी त्या रात्रीनंतर कोणीही मान्य करील.

या गाडीचे गुण सांगताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. पावसाळ्यात काळी जमीन फुगते, तिचा चिकट गारा चाकाच्या खाचांत भरतो आणि चाक गुळगुळीत लाटणे होऊन जाते. मग चारही चाके ओढणारी असोत की दोन, सडकेच्या टायरांवरची कोणतीही सुखाची मोटार तेथे रुतते. त्या दिवसांत तेथे ट्रॅक्टर किंवा बैलच चालतात. शिवाय लांब गाडीच्या दोन चाकांतील अंतर मोठे असल्याने उंच बांध किंवा अवघड गतिरोधक ओलांडताना तिचे पोट मध्येच टेकण्याचा धोका असतो. ही मर्यादा मान्य करूनही, वर्षाचे आठ महिने आणि प्रवासाचा बहुतांश भाग पाहता, घाट, महामार्ग व कोरडी पांदण या तिहींस एकदम पुरी पडणारी गाडी म्हणून तिचा दावा खोटा नव्हता. भूमीने तिला नाकारले, असे म्हणता येत नाही.

मग नाकारले कोणी? पहिले उत्तर जकातनाक्यावर मिळते. त्या वेळी ४०,००० डॉलरांहून अधिक मोलाची पूर्ण बांधलेली मोटार देशात आणावयाची तर मूळ जकात शंभर टक्के होती. म्हणजे शंभराची वस्तू बंदरातच दोनशेची झाली. त्यावर वस्तू व सेवा कर. २०१७ च्या सप्टेंबरापासून, ४ मीटरांहून लांब, १५०० घनसेंटीमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या व १७० मिलिमीटर किंवा अधिक पोट-उंचीच्या ‘एसयूव्ही’ वर्गातील मोटारीस उपकरासह एकूण ५० टक्के कर लागू झाला; इतर मोठ्या मोटारींसही तो त्याच्या आसपासच होता. अशा रीतीने शंभराची वस्तू सुमारे तीनशेस पडू लागली. राज्याचा नोंदणी-कर निराळाच. याच्या उलट व्होल्व्होने २०१७ मध्येच बंगळूरजवळ होसकोटे येथे आपल्या उंच ‘एक्ससी ९०’ ची जुळणी सुरू केली, आणि सुटे भाग आणून येथे जुळविलेल्या गाडीस जकात पुष्कळ हलकी पडते. एकाच घरच्या दोन कन्यांपैकी एकीस देशी नागरिकत्व मिळाले व दुसरी कायमची पाहुणी राहिली. पाहुणीचा खर्च कोणास फार दिवस परवडत नाही.

परंतु जकात हेच एक कारण मानले तर विवेचन अपुरे राहील. दुसरे कारण मागच्या आसनावर बसलेले आहे. युरोपात वॅगनचा मालक ती स्वतः हाकतो. मागे मुले, त्यांच्यामागे कुत्रा आणि बर्फावरून घसरण्याच्या फळ्या. भारतात साठ-सत्तर लाखांची मोटार घेणारा मनुष्य बहुधा चालक ठेवतो व स्वतः मागे बसतो. मर्सिडीझने ही गोष्ट नेमकी ओळखली. पुण्याजवळ चाकण येथे तिचा कारखाना आहे. तेथे २०१७ च्या फेब्रुवारीत तिने ‘ई-क्लास’चीच पण चाकांमधील अंतर १४० मिलिमीटरांनी वाढविलेली बंद मोटार काढली, आणि ते सारे वाढीव अंतर मागे बसणाऱ्याच्या पायांस दिले. ही गाडी भारतात उत्तम खपली. त्याच कुळातील ऑल-टेरेनने मात्र वाढीव जागा सामानास दिली होती. कंपनी तीच, कारागिरी तीच, कूळही तेच. एकीने यजमानाचा मान राखला, दुसरीने त्याच्या पेटीचा.

तिसरे कारण अधिक खोल व अधिक जुने आहे. वऱ्हाडातील खात्यापित्या घरी पूर्वी दोन वाहने असत: माल वाहण्यास बंडी आणि माणसांस, विशेषतः घरच्या लेकीसुनांस, नेण्यास छत घातलेली हलकी दमणी. बंडीत बसून लग्नास जाणे कमीपणाचे मानले जाई. मोटार आली तरी हा भेद मनातून गेला नाही. मागे लांब पाठ असलेली, काच उघडून सामान भरावयाची मोटार पाहिली की पाहणाऱ्याच्या मनात दमणी उभी राहत नाही, बंडी उभी राहते. याचा अनुभव देशी कारखानदारांनीही घेतला आहे. पुण्याच्या टाटा कारखान्याने १९९२ साली ‘एस्टेट’ नावाची वॅगन काढली. मारुतीने ‘बलेनो आल्टुरा’ आणली. टाटांनी पुन्हा २००४ मध्ये ‘इंडिगो मरीना’ आणली. तिन्हींपैकी एकही रुजली नाही. उलट १९९४ साली निघालेली टाटांची ‘सुमो’ खेडोपाडी पोहोचली, काळी-पिवळीच्या रूपाने स्टेशनाहून गावी माणसे वाहू लागली, आणि १९९८ च्या ‘सफारी’ने उंच मोटारीस प्रतिष्ठेचे आसन मिळवून दिले. अशा रीतीने वॅगनचे काम खालून सुमोने घेतले आणि वॅगनचा मान वरून सफारीसारख्या उंच गाड्यांनी घेतला. परदेशी पाहुणी दारात आली तेव्हा घरात बसावयास जागाच उरलेली नव्हती.

कोणी म्हणेल, या भागात एवढी महाग मोटार घेणारे तरी कोठे आहेत? हा आक्षेप टिकणारा नाही. बुलढाण्याच्या पश्चिमेस जालना व त्यापलीकडे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील व्यापारी, उद्योजक व व्यावसायिक यांनी २०१० च्या ऑक्टोबरात एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीझ मोटारी, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या, खरेदी केल्या, ही गोष्ट देशभर गाजली. पैसा होता, हौस होती, आणि एकत्र येऊन सौदा करण्याची हुशारीही होती. लहान शहरांतील गिऱ्हाईक मोठी मोटार घेत नाही हा समज त्या दिवशी मोडला. मात्र असे गिऱ्हाईक घेताना दोन गोष्टी पाहते: बिघाड झाल्यास दुरुस्ती किती दूर, आणि पाच वर्षांनी विकताना कोण घेईल. विरळा गाडी या दोन्ही परीक्षांत नापास होते. तिचे सुटे भाग मोठ्या शहरातून मागवावे लागतात, आणि जुन्या गाड्यांचा दलाल तिच्याकडे पाहून मान हलवितो. जे चार लोक घेतात तेच पाचवा घेतो, हे केवळ अनुकरण नव्हे. दूरच्या जिल्ह्यात तो शहाणपणाचा हिशेब असतो.

मग परमुलखात अशी गाडी कधीच यशस्वी होत नाही काय? होते, आणि त्याचे ठळक उदाहरण सुबारूच्या आउटबॅकचे आहे. ही जपानी गाडी अमेरिकेत रुजली आणि त्या कंपनीच्या भरभराटीचा आधार झाली. तिला अनुकूल गोष्टी कोणत्या होत्या, हे पाहिले की वरील चित्र उलट बाजूने स्पष्ट होते. अमेरिकेत परदेशी मोटारीवर त्या काळी अवघी अडीच टक्के जकात होती. शिवाय सुबारूचा इंडियाना राज्यात लाफायेट येथे १९८९ पासून कारखाना होता. तेथील मालक स्वतः गाडी हाकणारा. वॅगनमध्ये बालपण घालविलेली पिढी हयात होती, म्हणून त्या आकारास ती बंडी म्हणत नव्हती. ईशान्येकडील व पर्वतभागातील बर्फाळ राज्यांत चार चाकांच्या ओढीची रोजची गरज होती, आणि सुबारूचे नाव त्या गरजेशी आधीच जोडले गेले होते. यावर पॉल होगन या ऑस्ट्रेलियन नटास जाहिरातीत आणून कंपनीने गाडीस रानावनाची ओळख दिली. थोडक्यात, जकात, कारखाना, बसण्याची रीत, आकाराचा मान आणि रोजची गरज या पाचही गोष्टी एकाच बाजूस होत्या. भारतात पाचांपैकी एकच, म्हणजे गरज, तिच्या बाजूस होती. आणि तीदेखील मालकास जाणवलेली नव्हती. विशेष असे, की २०२६ च्या नमुन्यात खुद्द आउटबॅकनेही आपले रूप पालटून उंच, चौकोनी मोटारीचे रूप घेतले आहे. स्वतःच्या विजयाच्या भूमीवरही आकाराची आवड बदलते, तर परक्या भूमीविषयी काय बोलावे?

तथापि भारतातील परिस्थितीही स्थिर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील उपकर जाऊन सर्वांस ४० टक्क्यांचा एकच दर लागू झाला. त्यामुळे पोटाच्या उंचीवरून करात भेद करण्याचे कारण उरले नाही. जकातीची भिंतही व्यापार-करारांनी पुढेमागे खाली येऊ शकते. समृद्धीसारख्या सडकांनी स्वतः गाडी हाकत दूर जाणारा नवा तरुण मालक निर्माण होत आहे. परंतु भिंत पडली म्हणजे घर मिळाले असे होत नाही. अशा गाडीस येथे यश हवे असेल तर ती चाकण, शेंद्रा किंवा होसकोटे येथे जुळविली गेली पाहिजे. मागच्या आसनास सामानाइतकाच मान दिला पाहिजे. आणि विकणाऱ्याने तिला लांब पाठीची मोटार म्हणून न आणता घाट, महामार्ग व पांदण यांची एकच सोबती म्हणून गिऱ्हाइकास त्याच्याच वाटेवर चालवून दाखविली पाहिजे. मुंबईच्या दिवाणखान्यात तिचा गुण कळणार नाही. राजूरच्या घाटात कळेल. एवढे करण्याची तयारी नसेल, तर बंदरातून थोड्या गाड्या उतरवून नशीब अजमावण्याचा मार्ग पुन्हा त्याच ठिकाणी पोहोचेल.

गिऱ्हाइकापुरते तात्पर्य याहून साधे आहे. तो वॅगन घेवो अथवा न घेवो. पण मोटार घेताना टपाची उंची पाहून भुलण्यापेक्षा पोटाची उंची मोजावी, आपला वर्षाचा प्रवास पांदणीवर किती व महामार्गावर किती याचा हिशेब मांडावा, आणि घरची माणसे ताशी १२० किलोमीटरांच्या सडकेवर जिच्यात बसणार तिचा तोल कसा आहे हे आधी विचारावे. बंडी आणि दमणी यांची निवड आजोबांनी वाट व वेग पाहूनच केली होती. वाट बदलली, वेग बदलला; निवडीचे ते जुने शहाणपण मात्र आजही तसेच वापरता येण्याजोगे आहे.